एनआयसीयूतून घरी आलेलं बाळ ऐकतं का?

बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत दिली जाते. त्या वेळी बाळ डोळे मिचकावतं, हात झटकतं, कधी रडता रडता शांत होतं, आणि आजूबाजूचे म्हणतात, "बघा, कसं ऐकतंय!" हे बोलणं मायेचं आहे, पण ती कानाची तपासणी नव्हे. तोंडाची गरम हवा कानाला लागली, दाढीचा केस गालाला लागला, कुणी उचलून घेतलं, तरी बाळ हलतं. थाळी वाजवून, टाळी वाजवून, दार आपटून घरोघर जी 'परीक्षा' घेतली जाते तिचंही तसंच. दार आपटल्यावर दचकणाऱ्या बाळाला बोलण्यातले 'स', 'फ', 'त' असे बारीक आवाज अजिबात ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं.

नवजात बाळाला ऐकू येतं की नाही हे आता जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच यंत्राने कळतं. तपासणीत सुई नाही, दुखणं नाही, बाळ झोपेत असतानाच ती होते. तरीही बऱ्याच घरांत शंका येते ती मूल दोन-अडीच वर्षांचं होऊनही बोलत नाही तेव्हा. तोवर दादी-नानी समजूत घालत असतात की याचा बापही उशिराच बोलला होता. आमच्यासारख्या उर्दू-मराठी घरांत आणखी एक कारण तयार असतं: घरात एक भाषा, बाहेर दुसरी, म्हणून पोरगा गोंधळलाय. आम्ही शिक्षक आहोत, दोन भाषांत वाढलेली मुलं रोज पाहतो. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. दीड वर्षाचं मूल एकाही भाषेत शब्द बोलत नसेल तर आधी कान तपासायचे, भाषेला दोष नंतर द्यायचा.

घाई का, तेही समजून घेऊ. आतल्या कानातला शंख, म्हणजे कॉक्लिआ, गर्भाच्या साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतो, आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून बाळ पोटात असतानाच आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूचा ऐकण्याचा तीन महिन्यांचा सराव झालेला असतो. जन्मानंतर आवाज पोचलाच नाही तर मेंदूतला तो भाग रिकामा थांबून राहत नाही, दुसऱ्या कामांना लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला आणि ज्यांच्यावर लगेच काम सुरू झालं, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. आज जगभर डॉक्टर '१-३-६' सांगतात ते यासाठीच. एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन आणि प्रशिक्षण सुरू.

जोखमीची बाळं म्हणजे कोणती?

निरोगी जन्मलेल्या हजार बाळांत साधारण एक ते तीन बाळांना कायमचा, दोन्ही कानांचा श्रवणदोष असतो. अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत राहिलेल्या बाळांत हेच प्रमाण शंभरात दोन ते चार सांगितलं जातं. म्हणजे दहा-वीस पटीचा फरक.

जोखमीच्या बाळांची यादी करायची कल्पना तशी जुनी आहे. डेन्व्हरच्या मॅरियन डाउन्स या बाईंनी १९६० च्या दशकात प्रसूतिगृहांत जाऊन हजारो तान्ह्या बाळांना मोठा आवाज ऐकवला आणि ती दचकतात का याची नोंद केली. १७,००० बाळांचा त्यांचा अहवाल १९६९ साली आला. पण दचकणं-न दचकणं यावर भरवसा ठेवता येत नाही हेही त्यातून कळलं. त्याच वर्षी अमेरिकेत बाळांच्या श्रवणासाठी डॉक्टर आणि श्रवणतज्ज्ञांची संयुक्त समिती स्थापन झाली, आणि पुढे तिनेच ठरवलं की निदान धोक्यातली बाळं तरी हुडकून काढू. ती यादी वेळोवेळी सुधारत गेली. आजही ती उपयोगी आहे, फक्त एक मर्यादा ध्यानात ठेवा: जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या बाबतीत यादीतलं एकही कारण सापडत नाही. म्हणून खरं तर प्रत्येक बाळाची तपासणी व्हावी. पण जिथे सगळ्यांची होत नाही, तिथे या बाळांची तरी सुटू नये.

ही बाळं अशी: पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेली, दीड किलोपेक्षा कमी वजनाची, जन्मल्याबरोबर न रडलेली, श्वास गुदमरलेली, व्हेंटिलेटरवर ठेवलेली, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं अशी, मेंदूज्वर झालेली, कानाची पाळी, टाळू किंवा चेहऱ्याची ठेवण जन्मतः वेगळी असलेली, आणि ज्यांच्या घरात लहानपणापासून कमी ऐकणारं कुणी आहे अशी. आईला गरोदरपणात रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा किंवा सिफिलिस यांचा संसर्ग झाला असेल तर तेही बाळ याच यादीत येतं.

रुबेलाबद्दल दोन शब्द जास्त. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली पहिल्यांदा दाखवून दिलं की आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला हा साधा पुरळांचा ताप बाळाचे डोळे खराब करतो. त्याच्यामागोमाग कानांचं नुकसानही लक्षात आलं. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाला तर धोका सर्वांत मोठा. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळांतून सुरू झाली, तेव्हा लस नको म्हणणाऱ्या पालकांच्या चिठ्ठ्या आम्ही वाचल्या आहेत. व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी त्या लिहून घेतल्या होत्या. मुलींना ही लस मिळते तेव्हा त्यांच्या पुढच्या बाळांचे कान वाचतात, हे त्या अफवांत कुठेच नव्हतं.

कावीळ, इंजेक्शनं आणि नात्यातली लग्नं

नवजात बाळाला थोडी कावीळ होणं नेहमीचंच. निळ्या लाइटखाली ठेवलं की बहुतेकांची उतरते आणि कानाला काही होत नाही. पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं, आणि आवाजाचा संदेश ज्या मार्गाने वर जातो त्याच मार्गावरच्या पेशींना ते आधी बाधतं. इथे गंमत नाही, घोळ आहे: अशा बाळाचा कान, म्हणजे शंख, चांगलाच असतो. आवाज पकडला जातो, पण पुढे नीट पोचत नाही. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. कमी दिवसांच्या आणि गुदमरलेल्या बाळांतही ती दिसते. तपासणी कोणती करायची हे त्यावरच ठरतं; ते पुढे येईल. काविळीचं बाळ उन्हात ठेवून, गळ्यात माळ घालून वाट पाहत बसू नका. डोळ्यांबरोबर तळहात-तळपाय पिवळे दिसायला लागले, बाळ दूध ओढेना, सुस्त झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.

जंतुसंसर्गासाठी दिली जाणारी जेंटामायसिन, अॅमिकासिन ही इंजेक्शनं आतल्या कानाच्या केसपेशींना इजा करू शकतात. जास्त दिवस दिली, किंवा सोबत लघवी वाढवणारं औषध असलं, तर धोका वाढतो. यावरून कुणी इंजेक्शन नाकारू नये. संसर्ग रक्तात पसरलेल्या बाळाचा जीव याच औषधांनी वाचतो, आणि डॉक्टर डोस वजनावर मोजून देतात. फक्त पाच दिवसांपेक्षा जास्त दिली गेली असतील तर कान तपासायचे. एक गोष्ट मात्र आधीच सांगा: आईच्या बाजूला, म्हणजे नानी, मामा, खाला यांच्यापैकी कुणाचं इंजेक्शनांनंतर ऐकणं गेलंय का? एक आनुवंशिक बदल असा आहे की तो असलेल्यांना या औषधांचा थोडा डोसही बाधतो, आणि तो फक्त आईकडून मुलांकडे येतो.

आता नात्यातल्या लग्नांचं. हा विषय निघाला की काही लोकांना वाटतं समाजावर बोट ठेवलं. तसं नाही. चुलत, मामे, आतेभावंडांची लग्नं आपल्याकडे होतात, दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हिंदू घरांतही मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. जन्मजात बहिरेपणाची निम्म्याच्या आसपास कारणं आनुवंशिक असतात, आणि त्यांतली बहुतेक अशी की दोष असलेला जनुक आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल बहिरं होतं. एकाकडूनच आला तर मूल ऐकतं, फक्त जनुक पुढे वाहून नेतं. सख्ख्या चुलत-मामेभावंडांचे जनुक सरासरी आठव्या हिश्श्याने सारखे असतात, म्हणून दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. पहिलं मूल चांगलं ऐकतं म्हणून दुसऱ्याचं टळलं, असा त्याचा अर्थ नाही. भारतात या प्रकारात कनेक्सिन २६ या जनुकाचं नाव वारंवार येतं आणि त्याची रक्ततपासणी होते. यात दोष दोघांकडून सारखा येतो, हे सासरच्यांनी नीट ऐकावं. सुनेला बोल लावण्याला विज्ञानात काही आधार नाही. लग्न नात्यातलं असेल तर डॉक्टरांना लाजू नका, सांगा, आणि बाळाचे कान वेळेत तपासा. आमच्या मते एवढं तरी प्रत्येक घराने करावंच.

ओएई आणि बेरा

तपासण्या मुख्यतः दोन. पहिली ओएई. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं की निरोगी कान आवाज नुसता ऐकत नाही, तर उत्तरादाखल स्वतःही अतिशय बारीक आवाज करतो. शंखातल्या बाहेरच्या केसपेशी हलतात, त्यातून तो निघतो. बाळाच्या कानात रबरी टोकाची छोटी नळी बसवतात; तिच्यातून टिकटिक आवाज आत जातो आणि तिच्यातलाच माइक परत आलेलं उत्तर टिपतो. बाळ शांत असेल तर एका कानाला एखाद-दोन मिनिटं पुरतात. उत्तर आलं तर 'पास', नाही आलं तर 'रेफर'.

दुसरी एबीआर, जिला आपल्याकडे सगळे 'बेरा' म्हणतात. कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्यांसारखे इलेक्ट्रोड लावतात, कानात आवाज देतात, आणि कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जाणारा विजेचा संदेश यंत्र टिपतं. आवाजानंतर एका सेकंदाच्या शंभराव्या भागात हे सगळं उरकतं, आणि कागदावर ओळीने लाटा उमटतात. १९७१ साली ज्युएट आणि विलिस्टन यांनी या लाटांना रोमन आकडे दिले, तेच आजही चालतात. त्यांतली पाचवी लाट सर्वांत महत्त्वाची: आवाज किती हळू केला तरी ती दिसते, यावरून ऐकण्याची पातळी ठरते. या यंत्राचा आपोआप निकाल देणारा छोटा प्रकार तपासणीसाठी वापरतात. तो साधारण ३५ डेसिबलचा, म्हणजे कुजबुजीपेक्षा जरासाच मोठा आवाज देतो आणि पास किंवा रेफर सांगतो.

आता मघाचा घोळ. ओएई शंखापर्यंतच पाहते. काविळीने किंवा गुदमरण्याने पुढचा मार्ग बिघडलेल्या बाळाची ओएई झकास पास होते, आणि घरचे निश्चिंत होतात. बेरामध्ये मात्र लाटाच उमटत नाहीत. म्हणून एनआयसीयूतल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. बेरा पद्धतीची तपासणी लागते. डिस्चार्ज कार्डावर 'ओएई पास' एवढंच असेल आणि बाळ पाच दिवसांपेक्षा जास्त आत राहिलं असेल, तर "डॉक्टरसाहेब, बेरा कधी करायची?" असं विचारा. हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

वेळही पाहावी लागते. फार कमी दिवसांच्या बाळाची नस अजून पिकलेली नसते, लाटा उशिरा येतात. म्हणून गर्भधारणेपासूनचे निदान ३४ आठवडे भरल्यावर, बाळ स्थिर झाल्यावर, घरी जाण्याआधी तपासणी करतात.

'रेफर' आलं म्हणजे?

बहिरं आहे असं नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत जन्मावेळचा पांढरा थर आणि पडद्यामागे पाणी असतं, त्यामुळे चांगल्या कानाचाही निकाल रेफर येतो. बाळ रडत असेल, खोलीत गोंगाट असेल, तरी तसंच. म्हणून काही दिवसांनी पुन्हा करतात. मात्र एनआयसीयूतल्या बाळाचा बेरा रेफर आला तर ओएईवर 'पास' करून सोडून देऊ नये. सरळ ऑडिओलॉजिस्टकडे पूर्ण तपासणी. त्यात बेरा वेगवेगळ्या स्वरांवर होते, हाडातून आवाज देऊनही करतात, म्हणजे अडथळा बाहेर-मधल्या कानात आहे की आत ते कळतं. पडद्याचा दाबही मोजतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला त्यासाठी १००० हर्ट्झचा स्वर लागतो, मोठ्यांचा २२६ हर्ट्झचा चालत नाही.

तीन महिन्यांपर्यंत बाळ आपणहून गाढ झोपतं, म्हणून तपासणी सोपी. पुढे झोपेचं औषध द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीतच. 'नंतर बघू' म्हणण्याचा हा एक तोटा.

पास झालं तरी

काही बाळांचं ऐकणं जन्मावेळी ठीक असतं आणि नंतर उतरतं. सायटोमेगॅलो विषाणू, घराण्यातला बहिरेपणा, जास्त दिवस दिलेली कानाला घातक औषधं, यांत हे होतं. पहिल्या महिन्यात मोठ्या काविळीसाठी किंवा रक्तातल्या संसर्गासाठी पुन्हा भरती करावं लागलं तर आधीची पास तपासणी धरायची नाही, नवीन करायची. मेंदूज्वरानंतर तर फार लवकर, कारण त्यात शंखाच्या आत हाड वाढतं आणि पुढे कॉक्लिअर इम्प्लांट बसवणंच अवघड होतं. जोखमीच्या बाकी बाळांची नऊ महिन्यांच्या सुमारास पुन्हा तपासणी सांगितली जाते. सहा महिन्यांनंतर बाळ आवाजाकडे मान वळवतं, तेव्हा आवाजासोबत हलणारं खेळणं दाखवून ऐकण्याची पातळी ठरवता येते.

आयांनी एक लक्षात ठेवावं: न ऐकणारं बाळही पहिले काही महिने 'अगं-अगं', 'ऊ-ऊ' करतं, हसतं, आईचा चेहरा पाहून हुंकारतं. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. सात-आठ महिन्यांनंतर 'बाबाबा', 'मामामा' अशी साखळी वाढण्याऐवजी बाळ गप्प व्हायला लागलं तर ती खूण आहे. आणि आईला शंका असेल तर तेवढं एक कारणही तपासणीला पुरेसं मानलं जातं. जोखमीच्या यादीत ते चक्क लिहिलेलं आहे.

कुठे जायचं

जन्मानंतरच्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात. बाळ एनआयसीयूत होतं हे त्यांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे, आणि त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयांत लवकर उपचाराची केंद्रं, म्हणजे डीईआयसी, चालतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ साली इंतकाल झालेल्या नवाब अली यावर जंग यांच्या नावाची ही संस्था श्रवण आणि वाचादोषांसाठीच आहे. तपासणी, मशीन, आईबापांचं प्रशिक्षण तिथे होतं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते, तिचंही काम ही संस्था पाहते. या योजनेत वयाची अट असते, म्हणून अर्ज लांबवू नये.

बेराला जाताना बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथे पोचून दूध पाजा, म्हणजे ऐन वेळी झोपेल. त्या दिवशी डोक्याला, कपाळाला तेल लावू नका, काजळाचा टिळा पुसा. तेलावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. अकीक्यात मुंडण झालेलं असलं तर काहीच अडचण नाही. कानात तेल तर कधीच नको. सोबत डिस्चार्ज कार्ड न्या, ज्यावर वजन, काविळीचा सर्वांत जास्त आकडा, व्हेंटिलेटरचे दिवस आणि इंजेक्शनांची नावं आहेत. आणि निघताना लेखी रिपोर्ट घ्या, उजव्या आणि डाव्या कानाचा वेगवेगळा लिहिलेला, पुढची तारीख टाकलेला.